वारा पडल्यावर

गेल्या हिवाळ्यापासून नांगर टाकल्यावर नाळेवर साखळीला हात लावून बसायचं काम पुतणीकडे गेलं. माझी बोटं आता बधिर झाली आहेत. नांगर वाळूत रुतला की साखळी ताठ होते आणि गप्प राहते. तो खडकावरून घसरत असला की बारीक खरखर तळहातात चढते. मला ती कळेनाशी झाली, तिला कळते. "काका, धरला नाही हा," एवढंच ती म्हणते आणि मी साखळी वर घ्यायला लागतो.

पण नांगर धरणं त्यातल्या त्यात सोपं. कॅनरी बेटांवर हिवाळ्यात मला छळते ती लांब लाट. वाऱ्याचा आडोसा कोणालाही दिसतो. ईशान्येचा वारा असेल तर लान्सारोतेच्या दक्षिणेला, पापागायोच्या वाळूत नांगर टाकावा, साखळी सढळ सोडावी आणि झोपावं. डिसेंबर-जानेवारीत एखादा कमी दाबाचा पट्टा खाली उतरला की वारा फिरत नैर्ऋत्येला येतो आणि हीच जागा उघडी पडते. तेही अंदाजात आधी दिसतं, वेळेवर निघता येतं. लाटेचं तसं नाही. वादळ होतं न्यूफाउंडलंडकडे आणि 14 सेकंदांची लाट दिवसाला सुमारे 500 सागरी मैल कापत चौथ्या दिवशी इथे येते. तेव्हा इथला वारा पडलेला असतो, ऊन असतं, लोक पोहत असतात. खोल समुद्रात या लाटेची लांबी 300 मीटर. दीडशे मीटर खोलीवरच तिला तळ लागू लागतो आणि ती उथळाकडे वळते, म्हणजे बेटालाच वळसा घालून मागच्या बाजूला हजर होते.

मी दाभोळचा. आमच्याकडे आडोसा म्हणजे खाडी. वाशिष्ठीत शिरून एक वळण घेतलं की समुद्र मागे राहिला. कॅनरीत खाडी करील अशी नदीच नाही. पश्चिमेकडच्या बेटांवर तर ज्वालामुखीचे उतार तसेच पाण्यात उतरतात, किनाऱ्यापासून जरा लांब गेलं की नांगराला तळ लागत नाही.

ला गोमेरा जवळजवळ गोल आहे, म्हणून सगळ्यांत अवघड. वायव्येची लाट तिथे दोन्ही अंगांनी वळते आणि दक्षिणेला प्लाया सांतियागोसमोर एकमेकींना छेदते. वारा नसला की बोट वाटेल तिकडे तोंड करते, लाट बगलेवर घेते आणि रात्रभर लोळते. उपाय एकच. मागून दुसरा नांगर टाकायचा आणि नाळ लाटेकडे धरून ठेवायची. पण कुठल्या लाटेकडे? दुपारभर मी किनारा बघत बसतो. पाणी गोट्यांवर कुठून तिरकं चढतं, परतताना कुठे वळतं. बारीक वाळू उरली असेल तिथे लाटेचा जोर कमी. मात्र हिवाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो आणि ही खूणही पुसली जाते.

हे सगळं आता कोण बघतं? मोबाइलवर चार बोटी दिसल्या की पाचवी तिथेच जाते. पाणी 19 अंशांचं, म्हणून खाली उतरून नांगर पाहायलाही कोणी तयार नाही. मला हे मुळीच पटत नाही. आपला नांगर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झोपू नये. तरीही एखादी नवी बोट माझ्याभोवती फेरी मारून माझ्याच शेजारी नांगर टाकते, तेव्हा मला फार सुख होतं. त्या सुखासाठी मी निघायचं संध्याकाळवर ढकलतो. पुतणीने हे ओळखलंय.

तिचं म्हणणं असं, की लांब लाट येणार असेल तर सरळ फुएर्तेव्हेंतुराच्या पूर्वेला जावं. बेट लांबलचक, टोकावरून वळून येईतो लाटेत जोर राहत नाही. खरंच आहे ते. पण गोमेराचं गणित मला सोडवत नाही आणि सुटतही नाही. आजवर दोन्ही लाटांच्या मधला कोन धरून पाहिला, दोन्हींचा त्रास झाला. यंदा मागचा नांगर पुतणी टाकेल, नाळ पश्चिमेच्या लाटेला समोर धरेल. पूर्वेची बगलेवर आली तर येऊ दे.