कोरड्या थंडीसाठी

पावसाला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही. मृग कोरडा गेला की काळजात धस्स होणारी आपण माणसं. पण स्वालबार्डवर, उत्तर ध्रुवाकडच्या त्या नॉर्वेच्या बेटांवर, आता ऐन काळोख्या हिवाळ्यात पाऊस पडतो, आणि तो मरण घेऊन येतो.

तिथली थंडी कोरडी होती. भुसभुशीत हिमाखाली बोटभर उंचीचा विलो, शेवाळ, वाळलेलं गवत निजून राहायचं. आखूड पायांचे रेनडियर खुरांनी हिम उकरायचे आणि त्या घासभर चाऱ्यावर तग धरायचे. जवळजवळ चार महिने सूर्य उगवत नसे, तरी घास होता. आता पावसाचं पाणी हिमातून झिरपतं, जमिनीला टेकतं आणि तिथेच गोठतं. चाऱ्यावर जणू काच बसते. खूर आपटतात, काच फुटत नाही. काही रेनडियर किनाऱ्यावर उतरून समुद्रशेवाळ चघळतात. २०१९च्या उन्हाळ्यात नॉर्वेच्या संशोधकांना उपासमारीने मेलेले दोनशेहून अधिक रेनडियर आढळले. आदल्या डिसेंबरात असाच पाऊस झाला होता. त्या आकड्यापुढे मला जाता येत नाही. चारा त्यांच्या पायाखालीच होता.

उन्हाळे लांबले, गवत वाढलं, काही दऱ्यांत कळप मोठेही झाले, हेही खरं. पण हिवाळ्यावर टाकलेला भरवसा गेला, आणि त्याची भरपाई कोणत्याही हिरवळीने होत नाही.

याच बेटांवर, ७९ अंश अक्षांशाजवळच्या नी-ऑलेसुंडला भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र २००८पासून आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. समोरची काँग्सफ्योर्ड खाडी पूर्वी हिवाळ्यात गोठायची. अटलांटिकचं उबदार पाणी आत शिरू लागलं आणि २००६पासून ते गोठणं विरळ झालं. रिंग्ड सीलची मादी याच गोठलेल्या समुद्रावर साचलेल्या हिमात गुहा कोरून विते. समुद्रच गोठला नाही, तर गुहा कशात कोरायची? मग पांढरं, लोकरी पिलू उघड्यावर जन्मतं, अस्वलाच्या आणि कुरव पक्ष्यांच्या नजरेसमोर. अस्वलांचेही हाल आहेतच. शिकारीचा बर्फ वितळला की ती किनाऱ्यावर येतात आणि बदकांची, हंसांची घरटी रिकामी करत फिरतात.

थंडी, तुला आम्ही निर्दय म्हणत आलो. विलोची कळी तू सांभाळलीस, सीलच्या पिलावर छप्पर तू धरलंस, रेनडियरची भाकरी तू झाकून ठेवलीस. तुझ्यासाठी रडावं, असं कुणी आम्हाला शिकवलंच नाही.

आणि हवा तापवणारा कोळसा त्याच बेटांच्या डोंगरांतून शंभरहून अधिक वर्षं निघत होता. लाँगयिअरब्येन गावाचे दिवे २०२३पर्यंत कोळशावरच जळले. नॉर्वेची तिथली शेवटची खाण २०२५मध्ये बंद झाली. उशिरा झाली. सीलच्या त्या पिलांसाठी तर फारच उशिरा.