दिव्याच्या खाडीत मशीन रुसतं तेव्हा

लोकलने कळव्याकडून मुंब्र्याकडे येताना उजवीकडे पारसिकचा डोंगर अगदी खिडकीशी येतो आणि डावीकडे खाडी उघडते. १९१६ साली पारसिकचा बोगदा झाला. तोवर कल्याणकडच्या सगळ्या गाड्या डोंगराला असाच वळसा घालून, खाडीच्या कडेकडेने जायच्या. पुढचं स्टेशन दिवा. इथून एक रूळ पनवेलवरून कोकणात जातो, तर दुसरा कोपरवरून खाडी ओलांडून भिवंडी रोड आणि वसईला. म्हणून दिवा म्हटलं की आपल्याला जंक्शन आठवतं, गर्दी आठवते. पण स्टेशनपासून खाडीच्या दिशेने निघालात तर आगासन, म्हातार्डी अशी जुनी गावं लागतात. मग तिवरं, चिखल, आणि मग पाणी.

हे पाणी उल्हास नदीचं. ती खंडाळा-राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते आणि तिथून पुढे तिच्यात समुद्र मिसळतो. म्हणजे दिव्याजवळ पाणी दिवसातून दोनदा वर चढतं आणि दोनदा खाली उतरतं. ठाण्याच्या वरच्या अंगाला तिचे दोन फाटे होतात. मोठा वसईच्या समुद्राकडे जातो, धाकटा ठाण्याच्या खाडीला मिळतो. याच पाण्यावर, कल्याणच्या दुर्गाडीपाशी, शिवाजी महाराजांनी आपली गलबतं बांधायला घेतली होती.

आता या खाडीत मी कशाला गेलो होतो, ते ऐका. मला बघायचं होतं ते मशीन. होडीच्या मागे टांगलेलं छोटं इंजिन. इथले लोक त्याला इंजिन म्हणत नाहीत, मशीनच म्हणतात. आणि मशीन म्हटलं की ते बंद पडणारच!

तुमच्यातल्या काहींनी मालवणला किंवा गोव्याला वॉटर स्कूटर पाहिली असेल. तिची एक थोरली बहीण आहे, उभ्याने चालवायची. बसायला जागाच नाही. हातात एक लांब दांडा धरायचा आणि तोल सांभाळायचा. क्लेटन जेकबसन नावाच्या एका अमेरिकन मोटारसायकलपटूच्या डोक्यातून ती निघाली आणि १९७३ च्या सुमारास कावासाकी कंपनीने ‘जेट स्की’ या नावाने बाजारात आणली. जेट स्की हे खरं तर त्या एका कंपनीचं नाव, पण डालडा आणि झेरॉक्सचं झालं तेच त्याचंही झालं.

या गाडीला बाहेर पंखा नसतो. पोटाखालच्या जाळीतून ती पाणी ओढते, आतल्या नळीत फिरणारा पंखा ते पाणी जोराने मागे फेकतो आणि गाडी पुढे पळते. मागच्या तोंडातून धार जिकडे वळेल तिकडे गाडी वळते. म्हणूनच घाबरून रेस सोडली तर धार थांबते आणि वळायचंही बंद होतं! पुष्कळ अपघात तेवढ्यानेच होतात. दिव्याच्या खाडीत ही गाडी आणली तर? पहिल्या पाच मिनिटांत एखादी प्लॅस्टिकची पिशवी जाळीला चिकटेल. मग मशीन केकाटेल, पण गाडी जागची हलायची नाही. तेव्हा मशीन पूर्ण बंद करून, मगच जाळी साफ करायची. चालू मशीनच्या पोटाखाली हात कधीच घालायचा नाही, मोठ्यांनीसुद्धा नाही.

इथल्या होडीचं मशीन साधं असतं. ते मागच्या फळीला अडकवतात. वर मशीन, खाली पाण्यात पंखा. असं मशीन लोकांच्या हाती देणाऱ्यांत ओले एव्हिनरूड हे नाव मोठं. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला हा माणूस. गोष्ट अशी सांगतात, की तळ्याकाठी सहलीला गेल्यावर तिला आइस्क्रीम हवं झालं (तिला म्हणजे त्याच्या होणाऱ्या बायकोला). तो वल्हवत पलीकडे गेला, पण परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं! गोष्ट किती खरी कोण जाणे, पण १९०९ साली तो अशी मशिनं विकायला लागला होता, हे मात्र खरं.

तर आम्ही चौघं होडीत. होडीवाले काका, त्यांचा भाचा, मी आणि माझ्या ओळखीचे एक मास्तर. ओहोटी लागली होती. दहा मिनिटं मशीन छान चाललं, मग खोकलं, मग गप्प. होडी हळूहळू रेल्वेपुलाकडे सरकायला लागली. ओहोटीचं पाणी दिसतं संथ, पण पुलाच्या खांबांशी ते घुसळत जातं. होडी तिथे आडवी आदळली तर उलटायला वेळ लागत नाही.

भाचा दोरी ओढायला धावला. काका ओरडले, ‘‘आरं, आदी नांगर टाक! मशीन मंग बघू.’’

नांगर चिखलात रुतला, दोर ताणला गेला, होडी थांबली. मग काकांनी शांतपणे सुपारी काढली. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता, पण सगळ्यांच्या अंगात जॅकेट होतं, तेवढा धीर.

आता गंमत बघा. कुठलंही पेट्रोलवरचं मशीन तीनच गोष्टी मागतं. तेल, हवा आणि वेळेवर ठिणगी. तुमच्या बाबांची जुनी स्कूटर आठवते का? चालू होईना की तिला एका अंगावर वाकवायचे आणि मग किक मारायचे. वाकवल्याने कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल एका बाजूला चढतं, मिश्रण जरा दाट होतं आणि स्कूटर पेटते. होडी काही वाकवता येत नाही! म्हणून काका एकेक गोष्ट तपासत गेले. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर खोड कुठली होती ते कळतच नाही.

टाकीपासून मशीनपर्यंत रबरी नळी येते आणि तिच्या मध्ये लिंबाएवढा रबरी फुगा असतो. तो दाबला की तेल पुढे जातं. काकांनी तो चाचपला. फुगा चपटा झालेला, पुन्हा फुगतच नव्हता. ‘‘झाकन बघ,’’ ते भाच्याला म्हणाले. टाकीच्या झाकणावर हवेसाठी एक छोटा स्क्रू असतो. तो घट्ट बंद होता. सैल केल्याबरोबर फुस्स! आणि फुगा टम्म.

असं का झालं? घरात गोडेतेलाचा पत्र्याचा डबा आणला की आई त्याला एक भोक पाडत नाही, दोन पाडते. एकातून तेल बाहेर येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. टाकीतही तसंच. हवा आत गेली नाही तर काही मिनिटांनी तेल यायचं थांबतं. थोडा वेळ थांबलं की मशीन पुन्हा चालतं, पुन्हा थांबतं. आणि लोक प्लग बदलत बसतात!

मशीन चालू झालं. पण काकांचं लक्ष मशीनच्या बाजूने येणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेकडे. ही धार म्हणजे मशीनची नाडी. मशीन खाडीचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं आणि त्यातलं थोडं या धारेने बाहेर टाकतं. धार आटली की समजायचं, वाटेत चिखल किंवा प्लॅस्टिक अडकलंय. तरीही मशीन चालवत राहिलं तर ते तापून जाम होतं, आणि मग खर्च म्हणजे अक्षरशः पोत्याने. आमची धार मंद होती. त्यांनी मशीन बंद करून वर उचललं, तर खालच्या जाळीला वेफर्सचं चकचकीत पाकीट चिकटलेलं. ते बहुधा आपल्यापैकीच कुणीतरी खिडकीतून फेकलेलं.

परतीच्या वाटेवर काका बोलत होते, मी लिहून घेत होतो. प्लग काढून पाहिला आणि टोक फिकट तपकिरी असेल तर मशीनची तब्येत ठीक. काळं, तेलकट, ओलं असेल तर तेल जास्त होतंय किंवा ठिणगी कमी पडतेय. पांढरं फटक असेल तर मशीन तापतंय. टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं, बऱ्याच मशिनांना लिटरला २० मिलिलिटर. ‘अजून थोडं टाकू, बरं असतं’ असं म्हणणाऱ्याचा प्लग लवकर काळा होतो. तेलात पाणी शिरल्याचा संशय आला तर थोडं तेल काचेच्या बाटलीत घेऊन ठेवायचं. पाणी जड, ते तळाशी बसतं. काही मशिनं पेट्रोलवर सुरू होतात आणि तापल्यावर रॉकेलवर चालतात. ती बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायची, नाहीतर थंड मशिनाच्या पोटात रॉकेल राहतं आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढून खांदा दुखतो. मशीन जोरात चालतंय, पण होडी हलत नाही? मग पंख्याची पिन तुटली असेल. ती मुद्दाम मऊ धातूची करतात. दगडावर आपटल्यावर पिन तुटते आणि महागाचा पंखा वाचतो.

बालमित्रांनो, यातलं काहीही एकट्याने करून बघायचं नाही. पेट्रोलची वाफ आणि ठिणगी एकत्र आली की काय होतं ते मी लिहायला नको. बघायचं मात्र जरूर. गॅरेजच्या दारात उभं राहून खूप शिकता येतं.

भरती कधी येणार हे काकांना कसं कळतं, असं मी विचारलं. ते हसले. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती पुरी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. हा समुद्राकाठचा हिशेब. खाडीत आत पाणी चढायला आणखी वेळ लागतो, तेवढा वर धरायचा. पुनव-अवसेला पाणी उधाणाचं, अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी. मशीन बंद पडलंच तर भांगाच्या दिवशी पडावं, असंही ते म्हणाले.

पूर्वी डोंबिवलीहून भिवंडीच्या बाजूला जायचं तर होडी तरी किंवा कल्याणचा वळसा तरी. मोठागाव-माणकोली पूल खुला झाला आणि तिथली वाट बदलली. होड्या कमी होत चालल्यात. भाच्याला रिक्षा घ्यायची आहे. काकांचा पत्र्याचा डबा मात्र अजून होडीत असतो. त्यात जुना पण चालता प्लग, चार पिना, पाना, चिंधी, काचेची बाटली आणि दोरीचा तुकडा. डब्याखाली दोन वल्ही.