राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना: लोबेताल, लाइपझिग आणि आमची मंडळी

पूर्व जर्मनीवर अठरा वर्षं सत्ता गाजवलेल्या एरिक होनेकर यांना ३० जानेवारी १९९० च्या संध्याकाळी राहायला घर नव्हतं. वांडलिट्झच्या बंदिस्त वसाहतीतलं सरकारी निवासस्थान हातचं गेलं होतं. त्यांच्याच कम्युनिस्ट पक्षाने त्यांना आधीच काढून टाकलं होतं. वय ७७, मूत्रपिंडाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, रुग्णालयातून थेट कोठडीत रवानगी आणि तब्येतीच्या कारणावरून दुसऱ्याच दिवशी सुटका. जायचं कुठे? अखेर त्यांच्या वकिलाने चर्चकडे शब्द टाकला. ज्या चर्चची होनेकर यांच्या पक्षाच्या राजवटीने चाळीस वर्षं गळचेपी केली, त्याच चर्चकडे.

बर्लिनजवळच्या लोबेताल गावात १९०५ साली फ्रीडरिश फोन बोडेलश्विंग यांनी शहरातल्या बेघर माणसांसाठी एक वसाहत उभी केली होती. पुढे तिथे अपंग, अपस्माराचे रुग्ण आणि निराधार वृद्धही राहू लागले. १९९० साली या संस्थेचे प्रमुख होते पाळक उवे होल्मर. वृद्धाश्रमात जागा नव्हती आणि प्रतीक्षायादी मोठी होती. यादीतल्या म्हाताऱ्यांना डावलून माजी राष्ट्रप्रमुखाला आत घेणं होल्मर यांना पटेना. मग त्यांनी स्वतःच्याच घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या केल्या आणि एरिक व मार्गोट होनेकर यांना तिथे ठेवून घेतलं.

या मार्गोटबाई १९६३ पासून १९८९ पर्यंत देशाच्या शिक्षणमंत्री होत्या. होल्मर यांना दहा मुलं. पाळकाची मुलं, सरकारी युवक संघटनेपासून दूर राहिलेली, म्हणून त्यांतल्या आठ जणांना उच्च माध्यमिक शाळेची दारं बंद झाली होती. गुण चांगले असूनही. ज्या खात्याने आपल्या लेकरांचं शिक्षण तोडलं, त्या खात्याच्या मंत्रीणबाईंना सकाळचा चहा द्यायचा, हे होल्मर आणि त्यांच्या पत्नीच्या वाट्याला रोज येत होतं. मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत जड वाटते ती हीच गोष्ट. क्षमेवर प्रवचन देणं एक, आणि जिन्यावरून खाली येणाऱ्या त्या पावलांचा आवाज रोज ऐकणं वेगळं.

लोक चिडले. फाटकाबाहेर निदर्शनं झाली, बॉम्बच्या धमक्या आल्या, पत्रांचा ढीग लागला. होल्मर यांचं उत्तर साधं होतं. प्रभूची प्रार्थना आम्ही दर रविवारी म्हणतो. आमच्या अपराधांची क्षमा कर, जशी आम्ही आमच्या अपराध्यांना करतो, असं त्यात देवाला सांगतो. आता ते करायची पाळी आली आहे. मात्र त्यांनी होनेकर यांचे गुन्हे झाकले नाहीत. न्यायनिवाडा कोर्टाने करावा, सूड कुणी घेऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मार्चमध्ये सरकारने होनेकर दांपत्याला लिंडोच्या विश्रामगृहात हलवून पाहिलं. तिथल्या लोकांनी एका दिवसात त्यांना परत पाठवलं. परत कुठे, तर होल्मर यांच्याच घरी. एकूण सुमारे नऊ आठवडे ते तिथे राहिले आणि एप्रिलच्या सुरुवातीला सोव्हिएत लष्करी रुग्णालयात गेले. होनेकर शेवटपर्यंत नास्तिक राहिले. १९९४ साली चिलीमध्ये त्यांचं निधन झालं.

होल्मर यांच्या दारात होनेकर आले, त्याआधीचे चार महिने समजून घेतल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. होनेकर यांची सत्ता ज्या लाटेने उलथली, तिची एक मोठी सुरुवात प्रार्थनेतूनच झाली होती.

लाइपझिगचं निकोलाय चर्च संगीतप्रेमींना बाखमुळे माहीत असतं. त्याचं ‘सेंट जॉन पॅशन’ १७२४ च्या शुभ शुक्रवारी इथेच पहिल्यांदा सादर झालं. आत शिरलं की नजर वर जाते ती खांबांकडे. पांढरे खांब, आणि माथ्यावर हिरवट ताडपत्रांचा फुलोरा. दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता इथे शांतिप्रार्थना होते. ती १९८२ पासून चालू आहे. मी एका सोमवारी तिथे बसलो होतो. थोडी माणसं, एक वाचन, दोन गीतं, काही विनंत्या. अर्ध्याएक तासात सगळं आटोपलं. इतक्या साध्या उपासनेची सरकारला भीती का वाटावी, हा प्रश्न त्या बाकावर बसल्यावर आपोआप पडतो.

उत्तर त्या काळच्या तपशिलात सापडतं. तलवारी मोडून नांगराचे फाळ घडवण्याचं मीखा संदेष्ट्याचं वचन पूर्व जर्मनीतल्या ख्रिस्ती तरुणांनी कापडी बिल्ल्यावर छापून बाहीवर शिवलं. बिल्ल्यावरचं चित्र एका सोव्हिएत शिल्पाचं होतं, आणि ते शिल्प सोव्हिएत संघानेच संयुक्त राष्ट्रांना भेट दिलं होतं. तरीही सरकारने बिल्ल्यावर बंदी घातली. पोलीस तरुणांच्या बाहीवरून ते काढायला लावत. निकोलाय चर्चचे पाळक क्रिस्टियान फ्युरर यांनी दारावर पाटी लावली: चर्च सर्वांसाठी खुलं आहे. ‘सर्वांसाठी’ हे त्यांनी खरंच पाळलं. देश सोडायची परवानगी मागून नोकरी गमावलेले लोक आले, पर्यावरणाचे कार्यकर्ते आले, देवावर काडीचा विश्वास नसलेले आले. श्टाझीचे, म्हणजे गुप्त पोलिसांचे हेरही येऊन बसत. त्यांनाही कुणी उठवलं नाही. चर्चमधल्या वरिष्ठांना मात्र हे सगळं झेपत नव्हतं. १९८८ साली कार्यकर्त्यांच्या गटांकडून प्रार्थनेची सूत्रं काही महिने काढून घेतली गेली, हेही सांगायला हवं. सगळं चर्च धीराचं होतं असं मानण्यात अर्थ नाही.

मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकीत सरकारने आपल्या उमेदवारांना जवळजवळ ९९ टक्के मतं पडल्याचं जाहीर केलं. मतमोजणीला हजर राहिलेल्या नागरिकांनी हे आकडे खोटे असल्याचं दाखवून दिलं. सप्टेंबरमध्ये प्रार्थना संपवून बाहेर पडणाऱ्यांची धरपकड सुरू झाली. मग अटक झालेल्यांची नावं चर्चपाशी लिहून लावली गेली, खिडक्यांच्या गजांत फुलं खोचली गेली, मेणबत्त्या लागल्या. लुकास चर्चचे पाळक क्रिस्टोफ वोनेबर्गर यांनी २५ सप्टेंबरला हिंसेवर प्रवचन केलं: जो हिंसा करतो, तिची धमकी देतो, तो तिच्यातच सापडतो. हे पोलिसांना उद्देशून होतं आणि जमावालाही.

९ ऑक्टोबरचा सोमवार सर्वांत अवघड होता. बीजिंगच्या तिआनमेन चौकातला गोळीबार जूनमध्येच झाला होता आणि पूर्व जर्मन संसदेने त्याचं समर्थनही केलं होतं. स्थानिक वर्तमानपत्रात एका सशस्त्र कामगार दलाच्या प्रमुखाचं पत्र छापून आलं होतं. गरज पडल्यास हाती शस्त्र घेऊ, असा त्याचा आशय होता. रुग्णालयांत जादा खाटा आणि रक्ताची तयारी ठेवल्याची बातमी शहरभर होती. दुपारीच पक्षाचे सुमारे ६०० सभासद आदेशानुसार चर्चमध्ये येऊन बाक अडवून बसले. फ्युरर यांनी त्यांचं स्वागत केलं. कामावरून सुटून येणाऱ्यांसाठी वरचे सज्जे मात्र राखून ठेवले. मग त्या सर्वांसमोर डोंगरावरील प्रवचनातली धन्यवचनं वाचली गेली. आत्म्याने दीन ते धन्य, शांती करणारे ते धन्य. पक्षाच्या त्या सभासदांपैकी कितीतरी जणांनी ती आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली असतील. वाद्यवृंद-संचालक कुर्ट माझुर आणि इतर पाच जणांचं, त्यांत पक्षाचे तीन पदाधिकारीही होते, शांततेचं आवाहन चर्चमध्ये वाचून दाखवलं गेलं आणि शहरातल्या ध्वनिक्षेपकांवरूनही ऐकवलं गेलं.

त्या संध्याकाळी सुमारे ७०,००० माणसं शहराच्या वर्तुळाकार रस्त्यावरून चालली. हातात मेणबत्त्या. फ्युरर पुढे सांगत की मेणबत्ती धरायला आणि ज्योत विझू नये म्हणून आडोसा करायला दोन्ही हात लागतात, दगड उचलायला हात उरत नाही. गोळी सुटली नाही. १८ ऑक्टोबरला होनेकर पायउतार झाले, ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह, आर्थिक दिवाळखोरी, हंगेरीची उघडलेली सीमा ही कारणं नसती तर केवळ प्रार्थनेने हे झालं असतं, असं मी म्हणणार नाही. पण बदल रक्ताशिवाय झाला, त्याचं मोठं श्रेय त्या सोमवारांना आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

हे सगळं मला जवळचं वाटतं ते आमच्या मंडळीतल्या एका प्रसंगामुळे. आमच्या दफनभूमीच्या जागेवर अतिक्रमण झालं आहे. मोजणीचा अर्ज संबंधित कार्यालयात बरेच दिवस पडून होता. आमच्यातले एक ज्येष्ठ, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, त्यांच्या पवित्र शास्त्रात त्या अर्जाची आवक शिक्का मारलेली प्रत घडी घालून ठेवलेली असते. रविवारच्या उपासनेत मध्यस्थीच्या प्रार्थनेची पाळी आली की ते राज्यकर्त्यांसाठी, मग त्या कार्यालयातल्या साहेबांसाठी प्रार्थना करतात. साहेबांच्या मुलांना चांगली बुद्धी मिळो, साहेबांना न्यायाने वागायला बळ मिळो, आणि आमच्या मयतांची जागा आम्हाला मिळो.

एकदा युवक संघातली एक मुलगी चिडून म्हणाली, “अण्णा, तो माणूस आपली फाइल दाबून बसलाय आणि तुम्ही त्याच्या मुलाबाळांचं भलं मागताय?”

“मागतो की,” अण्णा म्हणाले. “आणि उद्या सोमवारी त्याच्या टेबलापुढे जाऊन उभा राहतो. तूही चल. अर्ज तू वाच, तुझा आवाज मोठा आहे.”

ती गेली. मोजणीची तारीख मिळाली आहे. प्रश्न अजून सुटलेला नाही.

सत्ताधाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असं पौलाने तीमथ्याला लिहिलं ते रोमन सम्राटाच्या राज्यात, जिथे ख्रिस्ती श्रद्धेला कायद्याचं संरक्षण नव्हतं. त्यामुळे ती खुशामत असूच शकत नव्हती. आपल्याकडे मात्र या प्रार्थनेची एक ठरावीक ओळ झाली आहे. ती घाईत म्हणून आपण जाहीर सूचनांकडे वळतो. महाराष्ट्रातल्या पाळकांना आणि पंच कमिट्यांना माझी कळकळीची विनंती आहे. येत्या रविवारी ती ओळ उरकू नका. ज्या अधिकाऱ्याकडे, ज्या मंत्र्याकडे न्याय अडला आहे, त्याचा हुद्दा सांगून त्याच्यासाठी मागा. त्याच्या निर्णयामुळे ज्यांचं नुकसान झालं, जे विनाकारण तुरुंगात आहेत, त्यांचीही नावं त्याच प्रार्थनेत घ्या. आणि उपासना संपल्यावर सोमवारी कोण कोण कार्यालयात जाणार, हे तिथेच ठरवा.