तीन लोंब्या

चि. बेबीस,

तुझं पत्र मिळालं. कॉलेजात ‘प्रगतिशील शेतकरी’ या विषयावर लिहून द्यायचंय आणि माणूस मामानेच सुचवावा, असं म्हणतेस. द्राक्षबागा आणि शेततळी वर्गातली बाकीची पोरं घेतीलच. तू आपल्या झाडीपट्टीतले दादाजी खोब्रागडे घे. त्यांचं गाव नांदेड, पण ते आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, नागभीड तालुक्यातलं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाक, नाहीतर तुझे सर मराठवाड्यात पोचतील.

शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीडेक एकर. तुझी आजी पाहुणे आले की ज्या तांदळाचा भात टाकते, नागपूरच्या किराणा दुकानांत ज्याच्या पाट्या लागतात, तो एचएमटी या माणसाच्या धानाच्या बांधीतून निघाला.

१९८३ ची गोष्ट. त्यांनी ‘पटेल ३’ हे धान लावलं होतं. बांधीत फिरताना तीन लोंब्या निराळ्या दिसल्या, पिवळसर आणि बारीक दाण्याच्या. तुझ्या-माझ्यासारख्याने विळा चालवला असता आणि त्या कधीच पेंढीत गेल्या असत्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, दाणे पिशवीत बांधून ठेवले आणि पुढच्या पावसाळ्यात एवढ्याशा तुकड्यात वेगळे लावले. भोवती काट्या रोवल्या. मग दर हंगामात तेच काम. मनासारखी लोंबी बियाण्याला ठेवायची, बाकीचं सोडून द्यायचं. धानाचं फूल आपल्याच परागाने फळतं, म्हणून निवडलेली लोंबी वेगळी लावत गेलं की काही पिढ्यांत वाण स्थिर होतो, हे तुम्हाला पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतातच. पण सगळी बांधी एकसारखी दिसत असताना त्यात तीन लोंब्या वेगळ्या दिसणं, ही नजर कशी येते ते यंदा कापणीला येऊन स्वतः बघ. तासाभरात डोळे शिणतात.

नावाची गंमत तुला ठाऊक असेल. त्या काळी मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं म्हणजे चैन होती. बाजारात हा बारीक तांदूळ आला आणि व्यापाऱ्यांनी तेच नाव त्याला चिकटवलं. काढणाऱ्याचं नाव मागे राहिलं, घड्याळाचं पुढे गेलं.

वर्तमानपत्रांनी दादाजींवर बरंच लिहिलं, पण बहुतेक सगळं अन्यायाचं. त्यांचंच बियाणं नेऊन कृषी विद्यापीठाने स्वतःच्या नावाने वाण काढला, ही त्यांची तक्रार अखेरपर्यंत होती. ती लिहीच, झाकू नकोस. फक्त तेवढ्यावर थांबलीस तर माणूस बिचारा ठरतो, आणि बिचारा तो अजिबात नव्हता. एचएमटीनंतर त्यांनी विजय नांदेड, नांदेड ९२, नांदेड हिरा, डीआरके असे आणखी वाण काढले. पोटाची विवंचना होती, घरच्या आजारपणात जमीन विकावी लागली. तरी निवड चालूच होती, आणि पोरगाही त्याच कामाला लागला. कुटुंबासाठी राबणं आणि वाण निवडणं ही त्यांच्या घरात दोन कामं नव्हतीच.

आता बियाणं वाटण्याबद्दल. बियाणं तयार झालं आणि त्यांनी आसपासच्या शेतकऱ्यांना दिलं. शहरातल्या लोकांना हे भोळेपण वाटतं. तुझ्या अहवालात ‘भोळा’ हा शब्द दिसला तर मी रागावेन. आपल्याकडे रोवण्याच्या दिवसांत एकाचे पऱ्हे कमी पडले तर शेजारी आपल्या पऱ्ह्यातल्या रोपांच्या जुड्या देतो, त्याचा हिशेब कोणी वहीत ठेवत नाही. त्याच रीतीने त्यांनी बियाणं दिलं. रीत चुकलेली नव्हती. गावाबाहेरच्या व्यवहारात ती कोणी पाळली नाही, एवढंच.

पुरस्कार मिळाले. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते सत्कार झाला, २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आलं. हे दोन ओळींत उरक. ३ जून २०१८ ला गडचिरोलीजवळ शोधग्रामच्या दवाखान्यात ते गेले. त्या वेळी उपचाराच्या पैशांची ओढाताण होती, तेही लिही.

कायद्याचं एक पान मात्र हवंच. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बियाणं ठेवायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बियाणं कंपनीसारखं छाप मारून विकता येत नाही. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणीही करता येते. दादाजींच्या तीन लोंब्यांच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. आज आहे, पण आपल्या गावात विचार, किती जणांना ठाऊक आहे ते.

दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये. आपल्या भागातल्या म्हाताऱ्यांकडे अजून जुनी धानं आहेत. प्रत्येक वाणाच्या पुढे तो कोणाच्या घरात टिकला त्याचं नाव आणि गाव लिहून घे, आणि त्यांना नोंदणीचा फॉर्मही तूच भरून दे.

ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा