सांध्यावरचा शिक्का

जुन्या दप्तरांत लांबलचक मोडी महजर पाहावयास मिळतात. एका बंदाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे कागद डकवून ते सिद्ध केलेले असतात आणि पाठीमागे सांध्यासांध्यावर शिक्का उमटविलेला असतो; अर्धा वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. मधला बंद काढून कोणी नवा चिकटवू म्हणेल, तर शिक्काच फुटावयाचा! आपले पूर्वज केवळ माणसाच्या सचोटीवर विसंबून राहत नव्हते, हे पाहून मला तरी मोठे समाधान वाटते.

हल्ली ज्या ब्लॉकचेनचा एवढा गवगवा होतो, तिचे मर्म याहून फारसे निराळे नाही. प्रत्येक नोंदीच्या पोटात आधीच्या नोंदीची गणिती खूण असते; मागचे एक अक्षर बदलले की पुढच्या साऱ्या खुणा चुकतात. शिवाय या वहीच्या प्रती एकाच दप्तरदाराजवळ नसून अनेकांजवळ असतात. २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे जातीचे दाखले अशा साखळीत गुंफण्याचा उपक्रम सुरू झाला.

आम्हां डोंबिवलीकरांना एटापल्लीचा हेवा वाटावा, असा प्रसंग मात्र येऊन गेला आहे. संगणकावर नागरी कारभार आणण्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेने महाराष्ट्राला वाट दाखविली. तिच्याच बांधकाम-परवानग्यांचे बनावट कागद पुढे करून ६५ इमारतींची महारेराकडे नोंदणी करून घेण्यात आली! नोंदणी पाहून लोकांनी घरे घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. पहाटेची लोकल गाठून हप्ते फेडणाऱ्या माणसाने मग कोठे जावे?

खरे म्हणजे हे टाळावयास ब्लॉकचेनही नको होती. "हा जावक क्रमांक तुमचाच काय?" एवढे एका कचेरीने दुसरीस विचारले असते तरी भागते. आणि लाच घेऊन दिलेली अस्सल परवानगी या साखळीत तितक्याच डौलाने बसेल, हेही विसरता येत नाही. खोटे एकदा आत शिरले की तेही अक्षय होते.

तरी ही साखळी मला हवीशी वाटते. घर घेणाऱ्या गृहस्थाला कोणा साहेबाची चिठ्ठी न आणता, "उद्या या" न ऐकता, आपला कागद स्वतः पडताळता येईल. आणि परवानगी कोणी, केव्हा दिली, हे मागाहून कोणाला पुसता येणार नाही.

परवा ओळखीच्या एका बाईंनी नव्या घराची फाइल मजपुढे ठेवली. पानोपानी शिक्के होते, ठसठशीत, जांभळे. मी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिले; त्यांतला खरा कोणता, हे काही मला सांगता येईना.