कुणाकडे जायचंय?

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मावशी, तू येऊन आईला समजाव. तू मास्तरीण, तुझं ती ऐकेल."

त्याची आई म्हणजे माझी मामेबहीण. वय ८१. लग्न होऊन गिरगावात गेली ती आजही त्याच चाळीत, त्याच दोन खोल्यांत आहे. चाळीचा पुनर्विकास व्हायचाय. बाकी बहुतेकांनी संमतीपत्रावर सह्या केल्या, ताई करत नव्हती. नवी इमारत होईपर्यंत तिने आपल्याकडे डोंबिवलीला यावं, असं भाच्याचं म्हणणं.

येते म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ नुसती बसून राहिले. गिरगावातल्या एका बाईला मी पूर्वी एकदा समजावलं होतं. नात्यातल्या मंडळींना मी कुणाबद्दल बोलते आहे ते कळलं असेल. इतरांसाठी पुढे सांगते.

सकाळच्या पंचवटीने निघाले. ही गाडी १९७५ साली सुरू झाली, आणि नाशिककरांना मुंबई खऱ्या अर्थाने जवळ आली. सीएसएमटीला उतरून यंदा पहिल्यांदाच भुयारी मेट्रोत बसले. ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कुलाब्याकडे कफ परेडपर्यंत धावते. मी उलट दिशेची पकडली. मधे काळबादेवी, की पुढचं गिरगाव! पूर्वी मुंबईला उतरलं की हातात पिशवी घेऊन, माणसं चुकवत चालत जायचो. आता जमिनीखालून गिरगावात शिरायचं आणि सरकत्या जिन्याने वर यायचं. या मेट्रोसाठी वरच्या काही जुन्या इमारती पाडल्या, हेही लक्षात ठेवायला हवं.

ताईकडे जेवायला एक वाजता जायचं होतं. म्हटलं, आधी थोडं हिंडून घेऊ.

फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी... लहानपणी आम्ही ही नावं पाढ्यासारखी म्हणायचो. एके काळच्या बागाईतीची आठवण आता त्या नावांतच उरली आहे. कांदेवाडीचा खाडिलकर रोड झाला, तो नाटककार आणि 'नवाकाळ'चे संस्थापक कृ. प्र. खाडिलकर यांच्या नावाने. याच रस्त्यावर केशवजी नाईकांच्या चाळी आहेत. १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती इथे बसला आणि १९०१ साली खुद्द लोकमान्य इथे येऊन गेले. आजही इथली मूर्ती लहानच असते आणि पालखीतून विसर्जनाला जाते. शहरात वीस-वीस फुटांच्या मूर्ती होऊ लागल्या तरी या चाळीने आपला गणपती वाढवला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

तिथून खोताच्या वाडीत गेले. वामन हरी खोत यांनी जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले, म्हणून ही खोताची वाडी. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, रंगीत खिडक्या. यांची घरची बोली मराठीच, वेगळ्या वळणाची. लहानपणी एका दारातून "काय गो पोरी" असं ऐकलं की आम्हाला हसू यायचं. घरं आता पुष्कळ कमी झालीत आणि मधेच एखादी उंच इमारत डोकावते. मासे खाणाऱ्यांचं तीर्थक्षेत्र असलेला अनंताश्रमही बंद होऊन बरीच वर्षं झाली.

मग पाय आपोआप फणसवाडीकडे वळले.

इथल्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर माझी मावशी राहायची. दर मे महिन्यात आम्ही भावंडं तिच्याकडे. खोली एक, माणसं नऊ. रात्री पोरं गॅलरीत झोपायची. काका छापखान्यात कंपोझिटर होते. रद्द झालेली प्रुफं घरी आणायचे, त्यांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही चित्रं काढायचो आणि कंटाळा आला की उलटून छापील बाजू वाचायचो. अर्धी गोष्ट, अर्धी कविता, कधी कुणाच्या लग्नाची पत्रिका. मी पुढे मराठी घेऊन बीए झाले, जन्मभर मराठी शिकवलं, त्याचं मूळ या प्रुफांत आहे. मावशी मला केळेवाडीत साहित्य संघात नाटकाला न्यायची. संघ १९३५ चा, नाट्यगृह १९६४ चं. म्हणजे नाट्यगृह अगदी नवं होतं तेव्हा मी तिथे बसले आहे.

काका गेले. मावशीला मूलबाळ नव्हतं. तीन जिने, गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास, पावसाळ्यात गळणारं छप्पर. भाडेनियंत्रणाने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवलेली, त्यामुळे मालक दुरुस्ती करीना आणि भाडेकरूंना ती परवडेना. १९९४ साली मीच मावशीमागे लकडा लावला. पागडीची खोली विकली, मालकाचा वाटा दिला, उरलेल्या पैशांत नाशिकला माझ्या घराजवळ वन रूम किचन घेतलं. स्वच्छ, हवेशीर, संडास घरात. मला कृतकृत्य वाटलं होतं.

मावशी दिवसभर दार उघडं ठेवून बसायची. शेजारचे सांगायला आले, आजींना दार लावून घ्यायला सांगा, चोऱ्या होतात. मी लॅच बसवून दिलं. एकदा मला म्हणाली, "अगं, इथे कुणी खोकलेलंसुद्धा ऐकू येत नाही." मी हसण्यावारी नेलं. दीड वर्षात ती गेली. डॉक्टरांनी कारण हृदयाचं सांगितलं, आणि वयही होतंच. पण मी तिला समजावलं होतं, विचारलं नव्हतं. शाळेत मुलांना प्रश्न विचारायचे असतात हे मला माहीत होतं, घरी ते सुचलं नाही.

चाळीच्या जागी आता टॉवर आहे. मी फाटकाशी उभी राहून वर बघत होते, तोच वॉचमन आला. "आजी, कुणाकडे जायचंय?" मला उत्तर देता येईना. "कुणाकडे नाही," म्हटलं आणि निघाले.

ताईने आमटी-भात, बटाट्याची भाजी आणि कैरीची डाळ केली होती. जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "ताई, मी तुला काही समजवायला आलेली नाही. तुला काय हवंय, ते सांग."

ती म्हणाली, "मला लिफ्ट हवी. गुडघ्यांनी चार महिने झाले खाली उतरले नाहीये. आणि घरात संडास हवा."

मी बघतच राहिले. मला वाटलं होतं, हिचा चाळीवर जीव म्हणून ही सही करत नाही.

"मग सही का करत नाहीस?"

"सही केली की हा मला डोंबिवलीला नेणार. तीन वर्षं म्हणतात, पाच लागतील, तोवर मी असेन की नसेन. बिल्डर भाडं देणार आहे ना? मग मला इथेच मागच्या गल्लीत, तळमजल्यावर खोली बघून द्या. भाजीवाला ओळखीचा आहे, समोरच्या कुमुदने हाक मारली की मला ऐकू येते. आणि हे बघ, नाशिकला ये म्हणून तूही म्हणू नकोस."

तिला मावशीचं सगळं ठाऊक आहे. तेवढंच बोलली आणि बडीशेपेची डबी पुढे केली.

संध्याकाळी भाच्याला फोन केला. तो आधी चिडला. मागच्या गल्लीत जागा मिळणं सोपं नाही, भाडी भडकलेली आहेत, रात्री-अपरात्री काही झालं तर कोण धावणार, हे त्याचं म्हणणंही खोटं नाही. मी म्हटलं, तरी दोन महिने शोध. परवा त्याचा फोन आला, मुगभाटात एक खोली बघितली आहे, पण दोन पायऱ्या आहेत. ताईला विचारलंस का, म्हटलं. "विचारतो," म्हणाला.

सही अजून झालेली नाही. झाली की कळवेनच.