आधार कुठे आहे, फादर?

धर्मग्रामाच्या कार्यालयातील बाप्तिस्म्याची नोंदवही आम्ही तीस वर्षे जपत आलो आहोत. नाव, तारीख, आईवडील आणि धर्ममातापिता यांची नोंद असेल तरच आम्ही दाखला देतो. कोणी कितीही गळ घातली तरी ऐकीव माहितीवर सही करीत नाही. अशी शिस्त पाळणारे आम्ही एकदा ती साफ विसरलो. ते आमच्या ध्यानात आणून दिले कारंजा लाड येथील एका ग्रंथपालबाईंनी.

कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे. १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यात होते. दत्तभक्त त्यास श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून वंदन करतात. तेथील जैन मंदिरांत बलात्कार गण, सेनगण व काष्ठासंघ या तीन परंपरा नांदल्या व त्यांच्यासवे हस्तलिखित ग्रंथांची भांडारेही वाढली. ग्रंथाची नक्कल करवून ती मंदिरास अर्पण करणे हे जैन बांधव शास्त्रदान मानतात. आमच्या युरोपातील मठवासींनीही हेच पुण्य जोडले होते, म्हणून या गावाविषयी आम्हांस विशेष ओढा वाटला.

त्या उत्साहात आम्ही मराठी विकिपीडियावर एक वाक्य लिहिले. हा ज्ञानकोश २००३ साली सुरू झाला. केतकरांचा ज्ञानकोश किंवा वाईचा विश्वकोश यांस संपादक मंडळ होते. येथे कोणीही लिहावे व कोणीही दुरुस्त करावे, अशी रीत आहे. ‘कारंज्यासारखा ग्रंथसंग्रह भारतात अन्यत्र नाही,’ असे आम्ही ठोकून दिले. काही दिवसांनी त्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण उमटली आणि नंतर ते वाक्यच नाहीसे झाले. आम्ही दुखावलो, हे कबूल केले पाहिजे.

ग्रंथपालबाईंपुढे आम्ही गाऱ्हाणे मांडले. त्या शांतपणे म्हणाल्या, “पण आधार कुठे आहे, फादर?” आम्ही निरुत्तर झालो. “थांबा, शोधू या,” असे म्हणून त्यांनी ठिकठिकाणच्या ग्रंथालयांकडे विचारणा केली आणि दोन आठवड्यांनी आम्हांस बोलावले.

टेबलावर रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची १९२६ ची सूची होती. शेजारी दोन ग्रंथ होते: कारंजा जैन ग्रंथमालेत प. ल. वैद्य यांनी १९३१ साली संपादिलेले ‘जसहरचरिउ’ आणि अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी १९३३ साली संपादिलेले ‘णायकुमारचरिउ’. दोन्ही काव्ये दहाव्या शतकातील पुष्पदंत कवीची, अपभ्रंश भाषेतील. हे दोन हिरालाल निराळे, हेही बाईंनीच सांगितले. आम्ही त्यांना एकच समजत होतो!

मग नवे वाक्य तयार झाले. त्यात ‘अन्यत्र नाही’ ही बढाई नव्हती. कारंज्याच्या हस्तलिखितांची नोंद कोणत्या ग्रंथात, कोणत्या पृष्ठावर आहे, एवढेच होते. ते मात्र टिकले.

पुढे कळले की, जगभरातील ग्रंथपालांना अशी एक हाकच देण्यात आली आहे. २०१६ पासून दर जानेवारीत, विकिपीडियाच्या वाढदिवसाच्या सुमारास, ‘एका ग्रंथपालाने एक संदर्भ जोडावा’ असे आवाहन केले जाते. वेतन नाही, मानपत्र नाही. आपली मुले आज कोणताही प्रश्न प्रथम मोबाइललाच विचारतात. त्या पडद्यावरचे वाक्य आणि कुलूपबंद कपाटातले पुस्तक यांची गाठ घालून देणारा माणूस म्हणजे ग्रंथपाल.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचा मसुदा सध्या आमच्या टेबलावर आहे. ‘या परिसरातील पहिले चर्च’, ‘सर्वांत जुनी घंटा’ अशी वाक्ये आम्ही मोठ्या हौसेने लिहिली होती. काल रात्री त्यांतील तीन वाक्यांपुढे आम्ही लाल शाईने ‘संदर्भ हवा’ असे लिहिले. कोणाच्या घरी जुनी पत्रे, पावत्या अथवा छायाचित्रे असल्यास कृपया मिस्सानंतर घेऊन यावीत. आधार मिळाला नाही, तर ती वाक्ये आम्ही खोडणार आहोत.